डोळा, चोच आणि साडेतीन सेंटिमीटर

लांबून काढलेल्या पक्ष्याच्या फोटोत बरंच काही खपून जातं. पक्षी एका कोपऱ्यात, बाकी फ्रेमभर झाड आणि आकाश. फोकस किंचित चुकला तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तोच पक्षी फ्रेमभर आला की सगळं उघडं पडतं. छातीवरचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं, आणि डोळा मात्र धुरकट. किंवा डोळा लख्ख आणि चोचीचं टोक विरघळलेलं. किंवा पक्षी झकास, पण त्याच्या टाळूतून एक काटकी वर आलेली. अशा वेळी पुष्कळ जण लेन्सला नावं ठेवतात आणि पुढच्या दिवाळीत आणखी मोठी, आणखी महाग लेन्स घेतात. तिने हा त्रास वाढतोच. लेन्स जितकी लांब पल्ल्याची आणि पक्षी जितका जवळ, तितका फोटोतला शार्प भाग पातळ होत जातो.

किती पातळ, ते आकड्यांत मांडून पाहू. हे आकडे एकदा डोक्यात बसले की तळ्याकाठी उभं राहून काय करायचं ते पटकन सुचतं.

६०० मिमीची लेन्स, फुल-फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/६.३ (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) आणि सहा मीटरवर खुंटावर बसलेला खंड्या. तपकिरी डोकं, पांढरी छाती, निळी पाठ, लालभडक चोच. महाराष्ट्रात कुठल्याही विहिरीवर किंवा विजेच्या तारेवर दिसतो तो. या अंतरावर कॅमेऱ्याच्या आडव्या फ्रेममध्ये साधारण ३२ सेंटिमीटर रुंदी मावते. खंड्या २८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे फ्रेम जवळजवळ भरली. आता शार्प दिसणाऱ्या भागाची खोली, ज्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ती निघते ३.४ सेंटिमीटर. फोकस डोळ्यावर असेल तर डोळ्याच्या पुढे १.७ आणि मागे १.७. एफ/४ ची लेन्स असेल तर पुढेमागे मिळून दोनच सेंटिमीटर.

हे ३.४ सेंटिमीटर कसे पसरलेले असतात ते नीट समजून घ्यायला हवं. पक्षी बसला आहे त्या जागी, कॅमेऱ्याच्या सेन्सरला बरोबर समांतर, साडेतीन सेंटिमीटर जाडीची एक काच उभी आहे असं समजा. उंच आणि रुंद हवी तेवढी, जाडीला मात्र तेवढीच. पक्ष्याचा जो भाग त्या काचेत सापडेल तो शार्प, जो बाहेर राहील तो धूसर. काचेची कड एकदम संपत नाही, धूसरपणा हळूहळू वाढतो. पण डोळ्याला फरक जाणवायला लागतो तो तिथूनच.

म्हणजे खंड्या कॅमेऱ्याला आडवा बसला, तर त्याचा डोळा, चोच, खांदा आणि शेपटी हे सगळं जवळपास एकाच काचेत येतं. त्याने मान आपल्याकडे वळवली की हिशेब बिघडतो. त्याच्या डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंत अंतर धरा साडेसात सेंटिमीटर. काच डोळ्याच्या पुढे १.७ सेंटिमीटरच आहे. साधी त्रिकोणमिती लावली तर चोच सेन्सरच्या समांतर रेषेपासून १३ अंशांपर्यंत आपल्याकडे वळलेली असली तरच टोकासकट काचेत मावते. १३ अंश म्हणजे काटकोनाचा सातवा हिस्सा. एफ/११ केलं तर काच सहा सेंटिमीटर जाड होते आणि हीच सवलत २३-२४ अंशांपर्यंत जाते.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जवळच्या फोटोत फोकस आणि कॉम्पोझिशन, म्हणजे फ्रेममध्ये काय कुठे ठेवायचं, हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवतात, ते मला पटत नाही. पक्ष्याची मान कोणत्या कोनात आहे, यावर चोच शार्प येणार की नाही ते ठरतं, आणि त्याच कोनावर फोटोत पक्षी आपल्याशी बोलतो आहे की कुणा दुसऱ्याकडे बघतो आहे, तेही ठरतं. आणि जवळून काढताना अर्धवट काही चालत नाही. चोचीचं टोक एकतर शार्प हवं, नाहीतर इतकं विरघळलेलं हवं की नजर तिथे अडखळणारच नाही. मधलं, किंचित हललेलं, किंचित सुटलेलं टोक बघणाऱ्याला चूक म्हणूनच दिसतं. पार्श्वभूमी, पुढचं पान, शेजारचा दुसरा पक्षी, कापलेली शेपटी, सगळ्यांना हाच न्याय.

म्हणून थेट समोरून, कॅमेऱ्यात रोखून बघणारा पक्षी काढायचा असेल तर छोट्या चोचीचे पक्षी बरे. पिंगळा, चिमणी, सुगरण यांच्यात डोळा आणि चोचीचं टोक यांच्यात अंतरच थोडं. पिंगळ्याचे तर दोन्ही डोळे समोर असतात, ते दोन्ही एका काचेत आणणं सोपं. खंड्या, हुप्पो, धनेश, चित्रबलाक यांना समोरून काढायचा मोह आवरावा, किंवा मग वीतभर चोच पूर्ण धूसर होऊ द्यावी आणि फोटो फक्त डोळ्यांचा आहे हे मान्य करावं. कधी कधी ते फार छान दिसतं.

एफ/११ ला घाबरायचं का?

पक्षी-छायाचित्रण शिकवणारे बहुतेक जण सांगतात, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, पार्श्वभूमी लोण्यासारखी येईल. सल्ला चुकीचा नाही, पण क्लोज-अपमध्ये तो डोळे मिटून पाळला जातो. पार्श्वभूमी किती विरघळणार हे केवळ एफ-आकड्यावर ठरत नाही.

यामागचं गणित गंमतीचं आहे आणि फारसं कुणी सांगत नाही. लेन्सचा मिमीमधला आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, भागिले एफ-आकडा म्हणजे ॲपर्चरचा व्यास. ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिमी. पक्ष्याच्या मागे खूप दूर असलेला प्रकाशाचा एखादा ठिपका फोटोत पसरून जी चकती होते, ती पक्ष्याच्या जागी मोजली तर बरोबर तेवढ्याच व्यासाची असते. ९५ मिमी, म्हणजे खंड्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा. मागची झाडी अनंतावर नसून पक्ष्याच्या मागे सहा मीटरवर, म्हणजे तुमच्यापासून १२ मीटरवर असेल, तर चकती निम्मी, ४७-४८ मिमी. दोन मिमी जाडीची काडी तेवढ्या रुंदीत पसरली की तिचं नामोनिशाण उरत नाही. झुडूप एक मीटर मागे असेल तर १४ मिमी. काड्या अंधुक पट्ट्यांसारख्या दिसायला लागतात. आणि पक्षी बसलाय त्याच झुडपाच्या फांद्या २० सेंटिमीटर मागे असतील तर ३ मिमी. तीन मिमीत काहीच विरघळत नाही. एफ/४ ची लेन्स आणली तरी ते पाच मिमीपर्यंतच जातं, आणि लाखो रुपये मात्र जातात.

आता उलट बाजूने बघा. मागची झाडी तुमच्यापासून ३० मीटरवर असेल आणि तुम्ही एफ/११ लावलंत, तरी चकती ४४ मिमीची पडते. पार्श्वभूमी एफ/६.३ ला १२ मीटरवर होती जवळजवळ तितकीच स्वच्छ, आणि काचेची जाडी मात्र साडेतीनवरून सहा सेंटिमीटर. मागे मोकळं रान किंवा पाणी असताना एफ/६.३ ला चिकटून बसण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. ६.३ वरून ११ म्हणजे प्रकाश एक तृतीयांश. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ८०० ची २५०० करावी लागते. आजच्या कॅमेऱ्यांना तेवढं झेपतं. शटरचा वेग मात्र कमी करू नका. स्वस्थ बसलेल्या मोठ्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं, बुलबुल-शिंजीर यांसारख्या चुळबुळ्यांना १/१००० तरी हवं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नये; तिथे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो आणि कमावलेलं गमावलं जातं.

शिंजीर हा एवढुसा, दहा सेंटिमीटरचा पक्षी. त्याच्यासाठी ४०० मिमी एफ/५.६ ची लेन्स घेऊन साडेतीन मीटरवर आलात तर काच उरते सव्वादोन सेंटिमीटरची. शिवाय जांभळ्या शिंजिराच्या नराचं एक वेगळं प्रकरण आहे. त्याचा तो निळा-जांभळा झळाळ रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो तयार होतो. ऊन, पीस आणि कॅमेरा यांचा कोन जुळला तर झळाळ. नाही जुळला तर साधा काळा पक्षी. इथेही निर्णय मानेच्या कोनाचाच. सूर्य पाठीशी घ्या, बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) लावा आणि तो मान फिरवेल त्या क्षणाची वाट बघा.

जवळ जाणं आणि जवळ दिसणं

३०० मिमीची लेन्स घेऊन तीन मीटरवर गेलं काय किंवा ६०० मिमी घेऊन सहा मीटरवर थांबलं काय, पक्षी फ्रेममध्ये साधारण तेवढाच येतो. एफ-आकडा तोच असेल तर काचेची जाडीही जवळपास तीच. हे अनेकांना खरं वाटत नाही. लांब लेन्सची डेप्थ कमी, असं आपण ऐकत आलेलो असतो. पण पक्षी सारख्याच आकाराचा ठेवला तर तो फरक मिटतो.

बदलते ती पार्श्वभूमी. झुडूप पक्ष्याच्या सहा मीटर मागे असेल, तर ६०० च्या फ्रेममध्ये त्या झुडपाची साधारण ६५ सेंटिमीटर रुंदी येते, ३०० मध्ये ९७. लांब लेन्समध्ये मागचा पट्टा अरुंद आणि जास्त विरघळलेला. याचा व्यवहारातला फायदा असा की दोन पावलं डावीकडे सरकलं की मागचा सगळा रंग बदलतो. पक्ष्याच्या मागे पांढरं आकाश डोकावत असेल, एखादी चकाकती फट असेल, तर ती डोक्यामागून काढायला एवढं सरकणं पुरतं. पक्षी दिसल्यावर पहिला फोटो काढून घ्यावा, तो उडून जाऊ शकतो. पण दुसरा काढण्याआधी त्याच्याकडे बघायचं सोडून त्याच्या मागे काय आहे ते बघावं. गर्द सावली असेल तर काळोखी पार्श्वभूमी, वाळलेलं गवत असेल तर सोनेरी. कोतवालासारखा काळा पक्षी काळोखीसमोर हरवतो, तोच सोनेरी गवतापुढे कापून काढल्यासारखा दिसतो.

कॅमेरा किती उंचीवर धरला, याचाही परिणाम तेवढाच मोठा आहे. लोक म्हणतात, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर या म्हणजे जवळीक वाटते. खरं आहे, पण कारण निव्वळ भावनेचं नाही. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ इथून नावेतून पक्षी बघायला नेतात. नावेच्या फळीवर बसलं की लेन्स पाण्यापासून साधारण मीटरभर उंचीवर येते. आठ मीटरवर चिखलात तुतवार हा छोटा पाणपक्षी आहे, त्याचा डोळा जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर. मीटरभर उंचीवरून त्याच्या डोळ्यातून जाणारी नजरेची रेषा त्याच्या मागे ९० सेंटिमीटरवर चिखलात घुसते. म्हणजे पार्श्वभूमी आहे ९० सेंटिमीटरवरचा चिखल, ढेकूळ न् ढेकूळ दिसणारा. काठावर उतरून, पोटावर झोपून लेन्स २० सेंटिमीटरवर आणली तर तीच रेषा आठ मीटर मागे जाऊन टेकते. दुसरी लेन्स नको, दुसरा कॅमेरा नको. शर्ट धुवावा लागतो इतकंच. नावेतच असाल तर निदान लेन्स बाहेर काढून कडेपाशी, पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. फिरत्या स्क्रीनचे कॅमेरे यासाठी वरदान आहेत.

जवळ जायच्या नादात पक्ष्याचा विचार सुटतो, तो फोटोतही दिसतो. निवांत पक्ष्याची पिसं जराशी फुललेली असतात, मान खांद्यात असते. अस्वस्थ झाला की पिसं अंगाला चिकटतात, मान लांब होते, शरीर उडण्याच्या बेतात पुढे झुकतं. असा फोटो कितीही शार्प असला तरी तो घाबरलेल्या पक्ष्याचा फोटो असतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर जवळपास अंडी किंवा पिल्लं आहेत. तिथून मागे फिरायचं, बस. घरट्यावरचे फोटो अनेक स्पर्धा स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

डोळ्यावर फोकस, पण कुठल्या डोळ्यावर आणि कधी

डोळा शार्प हवा, हे सगळेच सांगतात. माणसाची नजर चेहऱ्यात आधी डोळा शोधते, म्हणून. पण डोळा शार्प असूनही मेलेला दिसू शकतो. त्यात प्रकाशाचा ठिपका लागतो. लालबुड्या बुलबुलाचं डोकं काळं, डोळाही गडद. ठिपका नसेल तर डोळा कुठे आहे हेच कळत नाही. मान दोन-तीन अंश सूर्याकडे वळली की ठिपका चमकतो. वेड्या राघूचा डोळा लालसर, पण तो नेमका काळ्या पट्ट्यात बसलेला. उन्हात पाठ हिरवीगार उजळते आणि पट्टा इतका काळा पडतो की डोळा बुडून जातो. ढगाळ सकाळी तोच डोळा स्वच्छ दिसतो.

दुसरी अडचण तिसऱ्या पापणीची. पक्ष्यांना वरच्या-खालच्या पापण्यांखेरीज एक अर्धपारदर्शक पडदा असतो, तो डोळ्यावरून आडवा फिरतो. फोटोत तो सापडला तर डोळा मोतीबिंदू झाल्यासारखा दुधाळ येतो. फोकस चुकलाय असं वाटून माणूस सेटिंग बदलत बसतो. उपाय एकच, एकाऐवजी चार-पाच फोटोंचा छोटा बर्स्ट.

आणि बर्स्ट कधी सुरू करायचा, तेही पक्षीच सांगतो. चालणारा पारवा सतत मान पुढेमागे हलवतो असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची मान एका जागी थांबते, खालून शरीर पुढे जातं, मग मान झटक्यात पुढे येते आणि पुन्हा थांबते. थांबलेल्या क्षणात त्याला भोवतालचं दृश्य स्थिर दिसतं. १९७८ साली पारव्यांना ट्रेडमिलवर चालवून पाहिलं गेलं. शरीर पुढे जात नव्हतं, भोवतालचं दृश्य सरकत नव्हतं, तेव्हा मान हलणं जवळजवळ बंद झालं. पुष्कळ पक्षी असंच झटक्याझटक्याने बघतात. झटका, विराम, झटका, विराम. थोडा वेळ नुसतं बघत राहिलं की ही लय बोटात उतरते, आणि विरामात शटर दाबलं जातं.

कॅमेरे आता स्वतःच डोळा शोधतात. कॅननने २०२० मध्ये आर५ मध्ये पक्षी ओळखणारा फोकस दिला, सोनीने २०२१ मध्ये अल्फा १ मध्ये पक्ष्याच्या डोळ्यासाठी खास सोय केली, आणि नंतर ती स्वस्त कॅमेऱ्यांतही उतरली. सुविधा मोठी आहे, यात वाद नाही. पण तिचे कमकुवत भाग माहीत असावेत. काळ्या डोक्यातला काळा डोळा तिला उशिरा सापडतो. पुढे गवताची पाती हलत असतील तर ती पात्यांवर उडी मारते. आणि जवळच्या फोटोत सर्वांत घातक म्हणजे ती कधीकधी डोळ्याऐवजी त्याच्या पुढच्या भुवईसारख्या पिसांवर किंवा गालावर बसते. दोन सेंटिमीटरच्या काचेत एवढी चूकही दिसते. जुन्या डीएसएलआरवर काम करणाऱ्यांनी एकच छोटा फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवावा आणि फोकस कंटिन्यूअस मोडवर, म्हणजे पक्षी हलला तरी फोकस त्याच्यामागे जात राहतो. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग फ्रेम हलवायची जुनी सवय इथे सोडावी. फ्रेम सरकवताना कॅमेरा वळतो, त्याबरोबर ती काचही वळते, आणि पक्षी तर त्या वेळेत हललेलाच असतो.

एक छोटी तांत्रिक गोष्ट राहिली. प्रत्येक लेन्सला जवळात जवळ फोकस करण्याची मर्यादा असते. निकॉनच्या २००-५०० ची २.२ मीटर, सोनीच्या २००-६०० ची २.४, सिग्माच्या १५०-६०० कंटेम्पररीची २.८. अशा लेन्सवर बहुधा फोकस लिमिटरचं, म्हणजे फोकस किती पल्ल्यात शोधायचा ते ठरवणारं, बटण असतं. ते दूरच्या पल्ल्यावर राहिलं असेल तर समोरचा पक्षी कितीही प्रयत्न केला तरी फोकस होत नाही, आणि तेवढ्यात तो उडतो.

काय कापायचं

फ्रेमभर पक्षी आला की जागा कुठे ठेवायची हा प्रश्न येतो. पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे थोडी जास्त, एवढं पुरे. त्याची टक्केवारी काढत बसू नये. शरीर उजवीकडे आणि मान डावीकडे असेल तर नजरेची बाजू धरा.

कापण्याबाबत मी जरा हट्टी आहे. शेपटीचं टोक एका सेंटिमीटरने कापलं गेलं, पंजा फ्रेमच्या कडेला अर्धा आला, तर ती चूक दिसते. शेपटी पूर्ण ठेवा, नाहीतर पाठीच्या मध्यावर धीटपणे कापा आणि फक्त डोकं-खांद्यांचं पोर्ट्रेट करा. स्वर्गीय नर्तकाच्या नराच्या शेपटीच्या फिती त्याच्या शरीरापेक्षाही लांब असतात. त्या सगळ्या घ्यायच्या तर मागे सरका, फ्रेम उभी करा. क्लोज-अपच हवा असेल तर निळं-काळं डोकं, तुरा आणि डोळ्याभोवतीचं निळं कडं यावर या आणि फितींचा मोह सोडा. दोन्ही एका फोटोत बसवायला गेलं की दोन्ही हुकतात.

तारेवर वेडे राघू जोडीने बसतात, तिथे पुन्हा काचेकडे यावं लागतं. दोघांत १५ सेंटिमीटर अंतर आणि तार सेन्सरशी ३० अंशांत तिरकी, तर एक पक्षी दुसऱ्याच्या साडेसात सेंटिमीटर मागे पडतो. एफ/११ लाही दोघे मावत नाहीत. तारेला काटकोनात येईपर्यंत चालत जा. रस्ता, कुंपण किंवा विहीर आड येत असेल तर एकच पक्षी निवडा आणि ॲपर्चर उघडून दुसऱ्याला पुरता विरघळू द्या.

खुंट, फांदी, दगड यांवर पक्ष्याइतकंच लक्ष हवं. पक्ष्यापेक्षा जाड खोड फोटो गिळून टाकतं. बारीक, थोडी तिरकी, शेवाळ धरलेली काटकी बहुतेक वेळा बरी दिसते. अलीकडे जागोजागी हाइड, म्हणजे लपून फोटो काढायचे आडोसे, उभे राहिलेत. पाण्याची थाळी, शेजारी सजवलेली फांदी, मागे बरोबर अंतरावर हिरवी झाडी. नवशिक्याला फोकसचा सराव करायला याहून चांगली जागा नाही, आणि पक्षीही आपणहून येतात. पण अंतर, उंची, फांदी, पार्श्वभूमी हे सगळं हाइडवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. त्याच ओंडक्यावरचे तेच दयाळ आणि तेच सातभाई शेकडो लोकांच्या अल्बममध्ये दिसतात. तिथे तुमच्या हाती उरतो तो फक्त क्षण आणि मानेचा कोन. म्हणून हाइडमध्ये पक्षी येऊन बसल्याचे फोटो थोडे काढा, आंघोळ करताना, पिसं साफ करताना, एकमेकांना हुसकावतानाचे जास्त काढा. पिसं साफ करताना डोळा बहुधा मिटलेला किंवा लपलेला असतो, तिथे डोळ्याचा नियम बाजूला ठेवून चोच ज्या पिसाला धरते आहे त्यावर फोकस टाकला तरी चालतो.

राहता राहिलं घरी येऊन क्रॉप करणं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की सहा मेगापिक्सेल उरतात, म्हणजे साधारण ३००० बाय २०००. दर इंचाला ३०० ठिपके धरले तर दहा इंच रुंदीचा प्रिंट सहज निघतो, मोबाइलवर दाखवायला तर ते जास्तच. पण वर दिलेले काचेचे सगळे आकडे पूर्ण फ्रेमचा, हातभर अंतरावरून बघायचा प्रिंट गृहीत धरून आहेत, सेन्सरवर ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका बिंदूच वाटतो, असं त्यात मानलेलं असतं. निम्मं क्रॉप केलं की धूसरपणा दुप्पट मोठा होतो आणि खंड्याची ३.४ सेंटिमीटरची काच १.७ ची होते. शंभर टक्के झूम करून बघणाऱ्याला तर त्याहून कमी भाग शार्प दिसेल. त्यामुळे निम्मं कापायचंच आहे हे काढतानाच माहीत असेल, तर ॲपर्चर तिथेच एक-दीड स्टॉप, म्हणजे एफ/६.३ वरून एफ/९ किंवा एफ/११ च्या आसपास, बंद करून घ्या. आयएसओमुळे आलेले दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढता येतात, हुकलेली चोच परत शार्प करता येत नाही.